पोतंभर मिठासाठी

टेपवाल्या मॅडम पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या तेव्हा मला वाटलं, इस्त्रीचे कपडे घेऊन आल्यात. खांद्याला भलीमोठी पिशवी होती, म्हणून मी काउंटरवरची जागा रिकामी केली. त्यांनी पिशवीतून आवाज टिपायचं यंत्र काढलं, माझ्या टेबलाकडे आणि वाफ सोडणाऱ्या इस्त्रीकडे पाहिलं आणि विचारलं, "हा आवाज थोडा वेळ बंद ठेवता येईल का?" माझ्या दुकानात, माझ्या गिऱ्हाइकांसमोर, मला. तेव्हा ती बाई माझ्या डोक्यात गेली ती गेलीच.

त्यांना मी नको होते. त्यांना हवे होते माझे बाबा. दुकानामागच्या खोलीत आम्ही राहतो आणि बाबा दिवसभर तिथे खुर्चीत बसून असतात. मॅडम विद्यापीठात शिकवतात आणि गावांची, रस्त्यांची, वळणांची नावं कशी पडली याचा अभ्यास करतात. त्यासाठी म्हाताऱ्या माणसांकडून जुन्या गोष्टी आणि गाणी गोळा करत फिरतात. आता या वाक्यात चिडण्यासारखं काही नाही हे मलाही कळतं. पण त्यांना ज्या नावाचा अभ्यास करायचा होता त्या नावात मी राहते.

आमच्या आळीचं नाव फितूर आळी. आळीच्या तोंडाशी लोखंडी कमान होती आणि तिच्यावर हे नाव अशा ठसठशीत अक्षरांत होतं की पलीकडच्या चौकातून आंधळ्यालाही वाचता यावं. शाळेत खडू हरवला की बाई आधी आमच्या बाकाकडे बघायच्या. नळ दुरुस्त करणारा पत्ता ऐकून हसायचा आणि म्हणायचा, "तुमच्याकडे यायचं म्हणजे पाठ सांभाळून यायला हवं." हा विनोद प्रत्येकाला आपणच पहिल्यांदा केला असं वाटतं. मी तो जन्मभर ऐकला आहे आणि अजून एकालाही हसून दाखवलेलं नाही.

नावामागची गोष्ट अशी की फार पूर्वी शहराला वेढा पडला होता. वेशीचा दरवाजा शत्रूला फुटता फुटेना. मग आमच्या आळीतल्या लोकांनी आतून कडी काढली, आणि तीही कशासाठी, तर पोतंभर मिठासाठी. खरं-खोटं देव जाणे. वेस राहिली नाही, दरवाजा राहिला नाही, कुठल्या पुस्तकात हे छापलेलं नाही. ही गोष्ट फक्त एका लांबलचक गाण्यात उरली होती आणि ते गाणं अख्ख्या शहरात फक्त माझ्या बाबांना येत होतं.

बाबांना ते त्यांच्या वडिलांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी. बाबा एका सरकारी इमारतीत लिफ्टमन होते आणि लिफ्टमध्ये गायचे. गाणं मोठं आणि इमारत लहान. कुणी वेढा पडत असताना तिसऱ्या मजल्यावर उतरून जायचं, कुणी सहाव्यावर आत शिरायचं तेव्हा अर्धी लढाई झालेली असायची. खाली येताना बाबा जिथे सोडलं तिथून पुढे धरायचे. एवढ्या वर्षांत एकाही माणसानं ते सुरुवातीपासून शेवटापर्यंत ऐकलं नाही, घरच्यांनीसुद्धा नाही. मॅडमनी ऐकलं. मांडी घालून जमिनीवर बसल्या, डोळे मिटले आणि सगळं ऐकलं. बाबांचा चेहरा त्या दिवशी असा उजळला होता की मला त्या बाईचा आणखीच राग आला.

मॅडमची काम करायची एक रीत होती. एकदा गाणं टिपलं की त्या काही महिने फिरकायच्या नाहीत. मग अचानक यायच्या आणि कारण न सांगता तेच गाणं पुन्हा म्हणायला लावायच्या. तिसऱ्यांदाही तसंच केलं. मग तिन्ही वेळचं गाणं ओळीला ओळ लावून पाहिलं आणि बाबांना सांगितलं, "काका, मी इतक्या लोकांची गाणी घेतली, पण एक अक्षरही न हलवणारे तुम्ही एकटेच." बाबांनी हे आळीतल्या प्रत्येकाला सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं. मला तर इतक्यांदा सांगितलं की माझे कान किटले.

मी बाबांवर का चिडलेली होते, तेही सांगते. मला एक मोठा भाऊ आहे. दादा ज्या कारखान्यात होता तिथे संप ठरला होता, आणि कुणीतरी ती बातमी आधीच मालकाच्या कानावर घातली. कुणी घातली याचा शोध घ्यायची कुणाला गरजच वाटली नाही, कारण कामगारांत एक जण फितूर आळीत राहणारा होता. त्याला फाटकापाशी गाठलं. मारताना विचारत होते, "मीठ किती मिळालं?" त्यात दादाचा डावा डोळा गेला. पुढे कळलं की बातमी फोडणारा दुसराच कुणी होता, चांगल्या पत्त्यावर राहणारा. माफी मागायला कुणीही आलं नाही.

दादाला इस्पितळातून घरी आणलं त्या दिवशी बाबा मागच्या खोलीत बसून गुणगुणत होते. तेच गाणं. मी विचारलं, "बाबा, आज तरी?" ते म्हणाले, "सवय आहे, पोरी. लक्षात नाही आलं." मला ते अजूनही खरं वाटतं आणि अजूनही मी त्यांना ते माफ केलेलं नाही. दादानं आठवडाभरात सामान बांधलं. कमानीखाली उभा राहून मला म्हणाला, "या नावाखालून मी परत घरात यायचा नाही. हे उतरलं तर कळव." तेव्हापासून तो परगावी आहे. फोन मला करतो. बाबांशी बोलत नाही, पण त्यांच्या खोकल्याची चौकशी करतो.

तर मला काय हवं होतं हे स्पष्ट आहे. मला ती पाटी उतरवायची होती. आळीतल्या घराघरातून सह्या घेऊन मी नगरपालिकेच्या नामकरण समितीकडे अर्ज केला. समितीचा नियम असा की नाव अपमानकारक असेल आणि त्याला परंपरेचा आधार नसेल तर ते बदलता येतं. आधार असेल तर मात्र नाव म्हणजे ठेवा, त्याला हात लावायचा नाही. आधार आहे की नाही हे सांगायला समितीनं तज्ज्ञ बोलावल्या. त्या तज्ज्ञ कोण, हे सांगायला नकोच.

मॅडम दुकानात आल्या आणि या वेळी काउंटरपाशीच थांबल्या. म्हणाल्या, "ताई, तुमचा राग मी समजू शकते. पण नाव पुसलं की त्याच्यामागची गोष्टही मरते. अशी नावं पुन्हा मिळत नाहीत."

"तुम्ही कुठे राहता?" मी विचारलं.

"त्याचा इथे काय संबंध?"

"सांगा तर."

"तळ्याच्या रस्त्याला."

"छान नाव आहे," मी म्हटलं. "आपण पत्ते बदलू या. तुम्ही इथे येऊन ठेवा सांभाळा, मी तळ्यावर हवा खाते." रांगेतली गिऱ्हाइकं हसली. मॅडमचे कान लाल झाले, पण त्या मागे हटल्या नाहीत. त्या सरळ मागच्या खोलीत गेल्या आणि बाबांना म्हणाल्या की समितीसमोर गाणं तुम्ही स्वतः म्हणायचं. नावाला आधार आहे हे तुमच्या तोंडून ऐकू दे त्यांना.

बाबा हो म्हणाले.

मॅडम गेल्यावर मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत गेले. त्या दुपारी मी बाबांना जे बोलले ते मुलीनं बापाला बोलू नये असं सगळं बोलले. मी म्हटलं, "सबंध आळी एका बाजूला आणि तुम्ही त्या बाईच्या बाजूला. नाव शोभतं बरं तुम्हाला."

"मी कुणाच्या बाजूला नाही. मला म्हणायला बोलावलंय."

"त्या गाण्यापायी दादाचा डोळा गेला."

"डोळा त्या लोकांनी घेतला. गाण्यानं नाही."

"मग चार ओळी गाळा. कडी कुणी काढली तेवढं गाळा. कुणाला कळणार आहे?"

ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी जणू त्यांना चोरी करायला सांगत होते. "मी केलेलं नाही ते," ते म्हणाले. "मला दिलेलं आहे. दिलेल्या वस्तूत आपण काटछाट करायची नसते."

"आणि मुलगा? तो कुणी दिला होता?"

ते खुर्चीतून उठले. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पुढचे कितीतरी दिवस आम्ही एका खोलीत राहून एकमेकांशी फक्त भाजीत मीठ कमी आहे का जास्त एवढंच बोलत होतो, आणि तेही मी ताटावरून ओळखायचे. सकाळी ते न्हाणीत फार वेळ लावायला लागले. आत पुटपुटत असायचे. मला वाटलं, तयारी चाललीय बाईंसाठी. मी मुद्दाम दार बडवून बाहेर यायला लावायचे.

सुनावणी नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर होती. लांब टेबल, झाकण ठेवलेले पाण्याचे ग्लास, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. अध्यक्ष जाडजूड आणि गोड बोलणारे होते आणि सारखे दाराकडे बघत होते, कारण पलीकडच्या खोलीत जेवणाची भांडी लागल्याचा आवाज येत होता. आमच्या आळीतली पाच-पंचवीस माणसं मागच्या बाकांवर कोंबून बसली होती. बाबा आत आले तेव्हा त्यांच्यासाठी कुणी सरकलं नाही. शेवटी मॅडमनी आपल्याजवळची खुर्ची पुढे केली आणि ते तिच्यावर बसले. ते बघून माझ्या शेजारच्या न्हाव्यानं जीभ टाळ्याला लावून च्यक केलं. मी त्याला गप्प केलं नाही.

मॅडमनी आधी थोडक्यात सांगितलं. गाणं किती जुनं असावं, त्यातले शब्द कसे आज कुणी वापरत नाही, गायक किती भरवशाचा आहे. "तीन वेळा घेतलं," त्या म्हणाल्या. "तीनही वेळा तंतोतंत." मग बाबांना म्हणाल्या, "काका, वेशीच्या प्रसंगापासून म्हणा."

बाबा उभे राहिले. लिफ्टमध्ये उभे राहायचे तसे, पाठ भिंतीकडे आणि एक हात बटणांच्या उंचीवर. आवाज थकलेला होता पण सुरात होता. कितीही राग असला तरी एवढं मला म्हणावंच लागेल.

*सात कड्यांचा दरवाजा, सात कुलपं त्याला भारी*
*सहा फोडता फुटेनात, सातवं उघडलं घरी*

पुढचं कडवं मला झोपेतही म्हणता येईल. मी दात आवळून बसले. आणि बाबांनी म्हटलं,

*सरदाराच्याच हातानं निघाली आतली कडी*
*आळीच्या माथी मारली वैऱ्याची सगळी घोडी*

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग मागच्या बाकावरून कुणीतरी "काय म्हणाले?" असं कुजबुजलं आणि मला कळलं की नाही, बरोबर ऐकलं. न्हाणीतलं पुटपुटणं ते हे होतं. ज्या माणसानं जन्मात एक अक्षर हलवलं नव्हतं त्यानं बसून एक नवं कडवं जुळवलं होतं, आणि ते वाईटही नव्हतं. मी बाबांवर इतकी वर्षं चिडून होते की दुसरं काही वाटायची मला सवयच राहिली नव्हती.

मॅडमची लेखणी थांबली होती. "काका, हे कडवं पुन्हा म्हणता?"

बाबांनी पुन्हा म्हटलं. अगदी तसंच.

"अध्यक्ष महोदय," मॅडम म्हणाल्या, "हे चूक आहे." त्यांनी यंत्र टेबलावर ठेवलं आणि सुरू केलं. आधी माझ्या इस्त्रीची फुसफुस ऐकू आली. मग बाबांचा आवाज, आजच्यापेक्षा कितीतरी ताजा.

*पोतंभर मिठासाठी आळीनं काढली कडी*
*झोपल्या गावाच्या उशाशी वैऱ्यानं बांधली घोडी*

आणि लगेच माझा आवाज, "बाबा, पुरे की आता." समितीतले दोघे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी यंत्र बंद केलं आणि बाबांकडे वळल्या. "तीन वेळा तुम्ही हे म्हणालात. आज बदललंत. कुणी सांगितलं बदलायला?" आणि विचारलं त्यांना, पण बघत होत्या माझ्याकडे.

बाबांची मान खाली गेली. त्यांना गाता येतं, लिफ्ट चालवता येते. खोटं बोलता येत नाही. खोटं बोलायचं तर पुढची दोन वाक्यं तयार ठेवावी लागतात हे त्यांना माहीतच नव्हतं. ते नुसते उभे राहिले, हात अजून बटणांच्या उंचीवर. सगळी खोली त्यांच्याकडे बघत होती. मॅडम तर अशा बघत होत्या, जणू बाबांनी त्यांच्याच घरात चोरी केली होती. मग अध्यक्षांनी विचारलं, "म्हणजे यातलं खरं कुठलं?" आणि बाबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा मी काय करायला हवं होतं हे मला नंतर पुष्कळ लोकांनी सांगितलं. मी त्यांच्याजवळ जाऊन उभं राहायला हवं होतं. त्यांना घरी न्यायला हवं होतं. पण मी आयुष्यभर कपडे सरळ करत आले आहे, सुरकुती दिसली की माझा हात जातोच. आणि मला त्या क्षणी एक गोष्ट लख्ख दिसली. जो माणूस आज कडवं बदलतो तो कालही बदलत असेल. मग कालच्या गाण्याचा आधार काय? मॅडमनी स्वतःच्या हातानं स्वतःचा साक्षीदार पाडला होता आणि त्यांना ते दिसलंच नव्हतं.

मी उठून म्हटलं, "साहेब, दोन्ही खोटी."

"ताई, तुम्ही बसा," मॅडम म्हणाल्या.

"मी त्यांची मुलगी आहे. मला माहीत नसेल तर कुणाला? मिठाचं कडवं बाबांनी स्वतः रचलंय. लिफ्टमध्ये साहेबलोकांना हसवायला. त्यांना जुळवाजुळव करायची खोडच आहे. आज मनात आलं, दुसरं जुळवलं. उद्या तुम्हाला घालतील त्यात."

"हे धादांत खोटं आहे," मॅडम म्हणाल्या. "गावाच्या उशाशी घोडी बांधणं, असं आज कोण बोलतं?"

"बाबा बोलतात. तुम्हीच तर इतक्या लांबून ऐकायला आलात."

मागची सगळी आळी खो खो हसली. न्हावी तर बाकावर हात आपटत होता. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, ते बंद आहे हे आठवून मनगटाकडे पाहिलं, आणि बाबांना अगदी मायेनं विचारलं, "आजोबा, तुम्हीच सांगा आणि विषय संपवा. ते मिठाचं कडवं तुम्ही रचलंत का?"

बाबा माझ्याकडे बघत होते. मी नजर काढली नाही. मी मनात म्हणत होते, म्हणा हो. दादासाठी म्हणा.

"हो," बाबा म्हणाले.

"काका," मॅडम म्हणाल्या.

"आणि बाकीचं गाणं?" अध्यक्षांनी विचारलं.

हे मी मागितलं नव्हतं. एका कडव्यावर माझं भागलं असतं. पण बाबांनी हात खाली घेतला आणि म्हणाले, "बाकीचंही. सगळं मीच."

समितीनं तिथल्या तिथे नाव रद्द केलं आणि मंडळी जेवायला गेली. आळीतल्या लोकांनी मला जवळजवळ उचलूनच जिन्यावरून खाली आणलं. मॅडमनी मला दाराशी अडवलं. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या ते पुसतही नव्हत्या. "तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय केलंत?"

"पाटी उतरवली."

"त्यांच्याकडे दुसरं काय होतं?"

"मुलगा होता," मी म्हटलं, आणि त्यांच्या अंगावरून पुढे गेले. त्या बाईला मी त्या दिवशी हरवलं याचा मला आनंद झाला होता आणि तो मी लपवणार नाही.

बाबा घरी चालत आले, आमच्या मागून, एकटे.

नवं नाव ठेवलं उद्यान मार्ग. उद्यान कुठे आहे हे विचारू नका, आमच्याकडे एक गटार आहे आणि तिच्या कडेला थोडं गवत. पण कमानीवरची जुनी अक्षरं कापून काढली तेव्हा आळीतल्या बायका टाळ्या वाजवत होत्या. मी दादाला फोन केला. अक्षरं खरंच कापली का, हे त्यानं दोनदा विचारलं. मग म्हणाला, "बघतो. येईन." मी बाबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. आता ते न्हाणीत गप्प असायचे, खुर्चीत गप्प असायचे. मला ते गप्प बसणं मुद्दाम केलेलं वाटायचं आणि मी भांडी आपटायचे.

मॅडम एकदा येऊन गेल्या. दुकानात न थांबता आत गेल्या आणि उभ्या उभ्या म्हणाल्या, "काका, तुमचं गाणं मला माझ्या संग्रहातून काढावं लागेल. गायकानं स्वतः रचल्याचं सांगितलं, असं लिहावं लागेल. तुम्ही एकदा 'मी रचलं नाही' म्हणालात तर मी ते लिहिणार नाही. समितीला कळवणारही नाही." त्या वाट बघत राहिल्या. बाबांनी त्यांना बसा म्हटलं नाही, की पाणी विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "लिहा." त्या बाहेर पडल्या तेव्हा माझ्याकडे न बघता गेल्या. मला मनातून बरं वाटलं, कारण बाबा शेवटी आमच्या बाजूला राहिले होते.

रविवारी दुपारी दादा आला. मी इस्त्री करत होते. दारात एकदम उंच सावली पडली म्हणून वर पाहिलं तर तो. केस पांढरे झाले होते आणि काळा चष्मा होता. मी त्याच्या गळ्यात पडले तर त्यानं माझ्या पाठीवर दोन थापट्या मारल्या आणि मला बाजूला केलं. "बाबा कुठायत?"

बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले. मी चहा टाकायला वळले. दादा बसला नाही. त्यानं खिशातून वर्तमानपत्राचं घडी केलेलं कात्रण काढलं. बातमी छोटी होती, मी पाहिलीही होती आणि मजेशीर म्हणून आळीत दाखवलीही होती. लिफ्टमनच्या गाण्यानं आळी बदनाम, असं काहीतरी.

"हे खरं आहे?" दादानं विचारलं. "मिठाचं तुम्ही रचलंत?"

माझ्या हातातलं चहाचं भांडं तसंच राहिलं. आळी, समिती, मॅडम, पाटी, या सगळ्याचा मी विचार केला होता. हे मात्र माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

"मारताना मला तेच विचारत होते," दादा म्हणाला. "मीठ किती मिळालं. मला वाटायचं जुनी गोष्ट आहे, लोक आंधळे आहेत, कुणाला काय बोलणार. मी पाटीवर राग काढला. आणि ते तुम्ही लिफ्टमध्ये बसून केलं होतंत? साहेबांना हसवायला?"

"दादा, खोटं आहे ते," मी म्हटलं. "मी बोलले तसं. पाटी उतरावी म्हणून."

"तू थांब. तुला आत्ता वडिलांची कीव आलीय. त्यांना बोलू दे."

"अरे, मी सांगते ना. आजोबांचं गाणं आहे ते. तिन्ही वेळा..."

"बाबा," दादा म्हणाला. "तुम्ही सांगा."

बाबा त्याच्याकडे बघत होते. इतक्या वर्षांनी ते त्याला पहिल्यांदा बघत होते आणि त्यांची नजर त्या काळ्या काचेवरून हलत नव्हती. एक शब्द पुरला असता. खोलीत समिती नव्हती, मॅडम नव्हत्या, पाटी उतरलेली होती आणि ती पुन्हा चढवायला कुणी येणार नव्हतं. मग ते माझ्याकडे वळले. चारचौघांत एकदा ते बोलणं बदलताना पकडले गेले होते, आणि पकडलं गेल्यावर पोटच्या मुलीनं काय केलं होतं, हे सगळं मला त्यांच्या तोंडावर दिसलं. आता ते काही बदलणार नव्हते.

"हो," ते म्हणाले. "मीच."

दादानं कात्रणाची घडी घातली आणि खिशात ठेवली. चहा न घेता निघाला. मी त्याच्यामागे पळत कमानीपर्यंत गेले. त्याचा हात धरला आणि पुन्हा सगळं सांगितलं, न्हाणीतलं पुटपुटणं, नवं कडवं, ते माझ्याकडे बघत होते ते. रस्त्यातले लोक थांबून बघायला लागले. दादानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग त्यांनी आत्ता हो का म्हटलं?" त्यानं विचारलं.

याचं उत्तर मला माहीत होतं. ते मला रस्त्यात उभं राहून सांगता आलं नाही. दादानं माझा हात सोडवला आणि बसथांब्याकडे चालायला लागला.

मी परत आले तेव्हा चहा उकळून आटला होता. बाबा खुर्चीत बसले होते, हात मांडीवर ठेवून.

"नाही म्हणाला असतात तर दादा राहिला असता," मी म्हटलं. "एवढा राग माझा? त्याला घालवण्याइतका?"

"समितीसमोर तू उठलीस तेव्हा मला वाटलं होतं," बाबा म्हणाले, "मला घरी न्यायला उठलीस."